मेलबर्नमधील एका मराठी कुटुंबाची गृहशिक्षण-नोंदणी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मेलबर्नच्या पश्चिमेला, विंडहॅम भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे आहे. कुटुंबाच्या संमतीने ते येथे मांडले असून ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. वडील संगणक क्षेत्रात आहेत आणि बहुतेक दिवस घरूनच काम करतात. आई एका लहान कंपनीत आठवड्याचे चार दिवस हिशेबाचे काम पाहत असे. थोरली मुलगी २०२३ च्या सुरुवातीला दहा वर्षांची होती आणि सरकारी प्राथमिक शाळेत पाचवीत शिकत होती. धाकटा मुलगा त्याच शाळेत दुसरीत होता. मुलीचे आजोबा साताऱ्यात राहतात. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि या प्रकरणात त्यांचा वाटा सुरुवातीला कोणाला वाटला त्यापेक्षा बराच मोठा ठरला.

मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तेथे ६ ते १७ या वयातील प्रत्येक मुलाने एकतर शाळेत दाखल असले पाहिजे किंवा गृहशिक्षणासाठी, म्हणजे पालकांनी घरीच शिकवण्यासाठी, नोंदलेले असले पाहिजे. तिसरी वाट कायद्यात नाही. २००६ च्या शिक्षण कायद्यानुसार ही नोंदणी ‘व्हिक्टोरियन रजिस्ट्रेशन अँड क्वालिफिकेशन्स अथॉरिटी’, म्हणजे व्हीआरक्यूए, हे प्राधिकरण करते. नोंदणीला शुल्क नाही, पालक प्रशिक्षित शिक्षक असण्याची अट नाही आणि राज्याचा अभ्यासक्रम जसाच्या तसा शिकवण्याचे बंधनही नाही. मात्र २०१८ पासून अर्जासोबत लेखी शिक्षण-आराखडा द्यावा लागतो, आणि बहुतेक पालकांना धसका असतो तो याच कागदाचा.

मुलीला शाळेतून काढून घरी शिकवण्याचा विचार सुरू झाला तेव्हा नातेवाइकांनी दिलेले सल्ले मनापासून दिलेले होते, पण ते या राज्याला लागू नव्हते. साताऱ्याहून पहिला प्रश्न आला तो ‘बोर्ड कोणते?’ असा, आणि तिकडच्या दृष्टीने तो रास्तच होता. महाराष्ट्रात गृहशिक्षणाची अशी नोंदणी अस्तित्वात नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देतो, पण घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी अर्जाची पद्धत सांगत नाही. त्यामुळे तिकडची कुटुंबे पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षांकडे किंवा दहावीच्या सतरा नंबरच्या फॉर्मकडे वळतात, आणि सगळी चर्चा परीक्षेभोवती फिरते. सिडनीतील चुलतभावाने सांगितले की अधिकारी घरी येऊन पाहणी करतात आणि राज्याचा अभ्यासक्रम धरूनच आराखडा करावा लागतो. ते न्यू साउथ वेल्सबद्दल खरे आहे, पण व्हिक्टोरियाबद्दल नाही. ऑस्ट्रेलियात शिक्षण हा राज्यांचा विषय असल्याने सीमा ओलांडली की नियम बदलतात. या दोन सल्ल्यांमुळे आईवडिलांनी सुरुवातीचे काही आठवडे अस्तित्वात नसलेल्या अटींची काळजी करण्यात घालवले.

अडचण नेमकी कोणती होती

२०२२ च्या उत्तरार्धात मुलीचे सकाळी पोट दुखू लागले. शनिवार-रविवार आणि सुट्टीत ते दुखत नसे. जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, तपासण्या करून शारीरिक कारण नसल्याचे सांगितले आणि मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या मानसिक आरोग्य योजनेखाली मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले. या योजनेत वर्षाला १० भेटींपर्यंत खर्चाचा काही भाग परत मिळतो. मानसशास्त्रज्ञाच्या तिसऱ्या भेटीनंतर वाचनाची स्वतंत्र चाचणी करण्याचा सल्ला मिळाला, आणि त्यातून मुलीला डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरे वाचण्यातली अडचण, असल्याचे पुढे आले.

दहाव्या वर्षापर्यंत हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, असे कोणीही विचारेल. दुसरी आणि तिसरी ही तिची दोन्ही वर्षे मेलबर्नच्या टाळेबंदीत गेली होती. सहा टाळेबंद्यांचे मिळून २६२ दिवस शहर बंद होते, शाळा पडद्यावर चालत होती, आणि शेजारी बसलेली आई सूचना मोठ्याने वाचून दाखवत होती. मुलगी हुशार असल्यामुळे ऐकलेले लक्षात ठेवून उत्तरे देत असे. चौथीत ती प्रत्यक्ष वर्गात बसू लागली, दोन तुकड्या एकत्र बसणाऱ्या मोठ्या खुल्या वर्गात मोठ्याने वाचण्याची पाळी येऊ लागली, आणि झाकलेले उघडे पडू लागले.

शाळेने हात झटकले असे म्हणता येणार नाही. पालक, वर्गशिक्षिका आणि उपमुख्याध्यापिका यांच्या बैठका झाल्या, अर्धा दिवस शाळेची सवलत मिळाली, शांत खोलीची सोय झाली. तरीही हजेरी घसरत गेली. मार्च २०२३ मध्ये पाचवीच्या नॅपलॅन, म्हणजे देशभर होणाऱ्या भाषा-गणिताच्या, चाचण्या आल्या. पालक लेखी कळवून मूल या चाचणीतून वगळू शकतात आणि त्यांनी तसे केलेही, पण वर्गात त्याच विषयाची चर्चा असल्याने तो पंधरवडा सर्वांत वाईट गेला. शाळेत जाणे अशक्य होऊन बसलेल्या मुलांचा प्रश्न देशभर इतका वाढला होता की ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या समितीने त्याची चौकशी करून ऑगस्ट २०२३ मध्ये अहवाल दिला. या कुटुंबाला मात्र निर्णय त्याआधीच घ्यावा लागला.

येथे एक गोष्ट वेगळी काढून पाहायला हवी. मुलीपुढे दोन अडचणी होत्या : वाचन आणि भीती. वडिलांचे मत असे की वाचन सुधारले की भीती आपोआप जाईल. मानसशास्त्रज्ञाचे मत उलट होते : भीती ओसरल्याशिवाय वाचनावर केलेले काम टिकणार नाही. पुढचे सगळे निर्णय या दोन मतांमधल्या ओढाताणीतून झाले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय शाळा बदलण्याचा. जवळच्या दोन शाळा पाहिल्या. दोन्ही मोठ्या होत्या, वर्गरचना सारखीच होती, आणि आहेत त्या दोन मैत्रिणीही सुटल्या असत्या.

दुसरा पर्याय व्हर्च्युअल स्कूल व्हिक्टोरियाचा, म्हणजे सरकारी दूरशिक्षण शाळेचा. वैद्यकीय किंवा भावनिक कारण कागदोपत्री दाखवता आले तर तेथे प्रवेश मिळू शकतो, आणि या मुलीची कागदपत्रे तशी होती. या पर्यायात मूल शाळेत दाखलच राहते आणि शिकवण्याची जबाबदारी शाळेची राहते. वडिलांचा कल इकडे होता. मुलीने मात्र पडद्यावरची शाळा हे शब्द ऐकताच टाळेबंदीची आठवण काढून नकार दिला. माझ्या मते हा पर्याय घाईने बाजूला पडला, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

तिसरा पर्याय अंशतः प्रवेशाचा होता. व्हिक्टोरियात गृहशिक्षणासाठी नोंदलेले मूल शाळेच्या संमतीने काही विषयांपुरते किंवा काही दिवसांपुरते शाळेत जाऊ शकते. मुख्याध्यापिका चित्रकला आणि खेळाच्या तासांसाठी तयार होत्या. पण त्या दिवसांत मुलगी शाळेच्या फाटकापासूनच मागे फिरत होती, म्हणून हा पर्याय पुढे कधीतरी पाहू म्हणून ठेवून दिला.

चौथा पर्याय परदेशस्थ मराठी कुटुंबात बहुतेकदा उघडपणे लिहिला जात नाही : मुलीला वर्षभर साताऱ्याला आजी-आजोबांकडे ठेवणे. आजोबा तयार होते, आजी तर उत्सुक होती. आईने तो ठामपणे नाकारला. जी मुलगी आईपासून सकाळचे सहा तास दूर राहू शकत नाही, तिला वर्षभर दूर ठेवणे हा उपाय नाही, असे तिचे म्हणणे होते, आणि त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते.

मेलबर्नमधल्याच आणखी दोन मराठी कुटुंबांनी मुले एकत्र करून एक शिक्षिका ठेवू, पाळीपाळीने एकेकाच्या घरी वर्ग भरवू, असेही सुचवले. ऐकायला हे सोयीचे वाटते. पण मुलांना गट करून नियमित, पूर्णवेळ शिकवणे ही कायद्याच्या दृष्टीने शाळा ठरू शकते, आणि नोंदणीविना शाळा चालवणे हा गुन्हा आहे. गृहशिक्षणाची जबाबदारी नोंदणी करणाऱ्या पालकाचीच असते. शिकवणी लावता येते, गटाने सहली आणि उपक्रम करता येतात, पण मूल दुसऱ्यांच्या हवाली करून मोकळे होता येत नाही. कुटुंबाने उपक्रमांपुरते एकत्र येण्याचे ठरवले.

राहिले पूर्ण गृहशिक्षण. ‘टाळेबंदीत आपण घरी शिकवलेच होते’ हा आईवडिलांचा मुख्य आधार होता, आणि हा आधार कच्चा होता. टाळेबंदीत काय शिकवायचे हे शाळेने ठरवले होते, गृहपाठ शाळा तपासत होती, आणि आई फक्त शेजारी बसत होती. नोंदणीनंतर या तिन्ही गोष्टी पालकाच्या अंगावर येतात. हा फरक त्यांना आराखडा लिहायला बसल्यावर कळला. निर्णयाची किंमतही त्याच वेळी मांडली गेली : आईने कामाचे चार दिवस दोनवर आणायचे, घरकर्जाच्या हप्त्यात फरक करायचा नाही, आणि भारतवारी एक वर्ष पुढे ढकलायची.

अर्ज केव्हा करायचा

मूल शाळेत दाखल असेल तर नोंदणी मंजूर होईपर्यंत त्याचे नाव काढता येत नाही आणि हजेरीचा नियम लागू राहतो. पूर्ण अर्ज पोहोचल्यावर व्हीआरक्यूएने २८ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. म्हणजे जवळजवळ महिनाभर मुलगी कायद्याने शाळेची विद्यार्थिनी आणि प्रत्यक्षात घरी, अशी अडचणीची अवस्था येणार होती.

आईला मार्चच्या सुरुवातीलाच अर्ज पाठवून मोकळे व्हायचे होते. वडिलांनी दिनदर्शिका काढली. पहिली टर्म ६ एप्रिलला संपत होती आणि दुसरी २४ एप्रिलला सुरू होणार होती. अर्ज मार्चअखेर दिला तर प्रतीक्षेचा बराचसा काळ सुट्टीत जाणार होता, शिवाय आराखडा नीट लिहायला तीन आठवडे मिळणार होते. मधल्या गैरहजेरीसाठी जीपीचे प्रमाणपत्र शाळेला दिले आणि मुख्याध्यापिकांना हेतू आधीच तोंडी सांगितला. या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय मला हा वाटतो, कारण त्यामुळे शाळेशी संबंध तुटले नाहीत. धाकटा मुलगा त्याच शाळेत राहणार होता, हे विसरून चालणार नव्हते.

शिक्षण-आराखडा

आराखड्यात चार गोष्टी सांगायच्या असतात : शिक्षण कुठे आणि केव्हा होईल, काय शिकवले जाईल, कोणती साधने वापरली जातील, आणि प्रगतीची नोंद कशी ठेवली जाईल. विषयांची आठ क्षेत्रे ठरलेली आहेत : इंग्रजी, गणित, विज्ञान, मानव्य व सामाजिक शास्त्रे, कला, भाषा, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि माहिती तंत्रज्ञानासह रचना-तंत्रज्ञान. एखादे क्षेत्र वगळायचे असेल तर कारण देऊन सूट मागता येते.

आईने लिहिलेला पहिला मसुदा चाळीस पानांचा होता. राज्याच्या अभ्यासक्रमातली पाचवीची सगळी उद्दिष्टे त्यात उतरवली होती आणि सकाळी नऊ ते दुपारी तीन असे वेळापत्रक चौकटी आखून जोडले होते. तो वाचताना माझ्या मनात एकच शंका आली : ज्या वेळापत्रकामुळे मुलगी आजारी पडली तेच घरी आणायचे असेल तर शाळा सोडायची कशाला? कुटुंबाला हे पटायला वेळ लागला. त्यांची भीती अशी की कमी लिहिले तर अर्ज नाकारला जाईल. प्रत्यक्षात कायदा ‘नियमित आणि परिणामकारक’ शिक्षणाची अपेक्षा करतो. ते मिनिटांत मोजून मागत नाही. दुसरी बाजूही खरी आहे. गृहशिक्षणाच्या वर्तुळात शाळा सोडल्यावर काही महिने काहीच शिकवू नये, मुलाला मोकळे सोडावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. मुलाला सावरायला वेळ लागतो हे मान्य, पण नोंदणी झाल्या दिवसापासून शिक्षण देण्याची जबाबदारी सुरू होते, आणि ‘सध्या काही करत नाही’ असे आराखड्यात लिहिता येत नाही.

तोडगा असा निघाला की पहिल्या टर्मचा भाग वेगळा लिहायचा : रोज थोडे वाचन-प्रशिक्षण, ऐकण्याची पुस्तके, हाताने करायच्या गोष्टी, पोहणे आणि बाहेर भटकणे. हेही शिक्षणच आहे आणि आठांपैकी बहुतेक क्षेत्रांना ते स्पर्श करते. दुसरा मसुदा अकरा पानांत बसला.

इंग्रजीसाठी अक्षर-ध्वनी जुळवण्याच्या क्रमबद्ध पद्धतीचे रोज छोटे सत्र, आठवड्यातून एकदा डिस्लेक्सियाच्या प्रशिक्षित शिक्षिकेची शिकवणी, आणि ग्रंथालयाची ध्वनिपुस्तके असे ठरले. व्हिक्टोरियाच्या सरकारी शाळांत प्रेप (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते दुसरीच्या वर्गांना रोज २५ मिनिटे असे क्रमबद्ध ध्वनिशिक्षण देण्याचा निर्णय २०२५ पासून लागू झाला. या मुलीची ती वर्षे तोपर्यंत कधीच मागे पडली होती. लेखनासाठी संगणकावर टंकलेखन शिकवायचे ठरले, आणि तेच तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातही धरले.

भाषा या क्षेत्रात वडिलांना आधी सूट मागायची होती. इंग्रजी वाचतानाच धाप लागते तिथे दुसरी भाषा कुठे, असा त्यांचा विचार. कोणती भाषा शिकवायची हे प्राधिकरण ठरवून देत नाही, म्हणून मराठीचा विचार झाला, आणि येथे आजोबा पुढे आले. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यांतल्या गोष्टी आजोबांनी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवायच्या आणि मुलीने आपल्या शब्दांत परत सांगायच्या, वाचनाची सक्ती नाही. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, मेलबर्न भारताच्या साडेचार तास पुढे असते, त्यामुळे दुपारी एकचा तास साताऱ्यात सकाळी साडेआठला पडे. काही महिन्यांनी मुलगी स्वतःहून देवनागरी वाचू लागली. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा पुष्कळ सरळ आहे, त्यामुळे काही मुलांना ती तुलनेने सोपी जाते. ‘मलाही वाचता येते’ ही जाणीव तिला आधी मराठीत झाली. सूट मागितली असती तर हे घडलेच नसते.

गणितात आजोबांनी पाढ्यांसोबत पावकी, निमकी आणि दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे, शिकवली. अपूर्णांकांची भीती घालवण्याचा हा जुना मार्ग आता आपल्याकडच्या शाळांतही फारसा दिसत नाही. बाकी गणितासाठी एक पाठ्यपुस्तक आणि स्वयंपाकघरातली मोजमापे होती.

विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांसाठी घराभोवतीचा परिसरच कामी आला. वेरिबी नदी, तिथल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या तळ्यांवरचे पक्षी, स्पॉट्सवुडचे सायन्सवर्क्स हे विज्ञान संग्रहालय, यू यांग्जच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या; या टेकड्या वाडावुरुंग या मूलनिवासी लोकांच्या भूमीत आहेत आणि १८०२ मध्ये इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स तिथल्या शिखरावर चढला होता. बॅलराटच्या सोन्याच्या खाणी आणि तिथल्या खाणकामगारांचा १८५४ चा युरेका उठाव हा इतिहासाचा मोठा प्रकल्प ठरवला. कला आणि शारीरिक शिक्षणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही : पेटी, चित्रकला, पोहणे, सायकल.

नोंद ठेवण्याचा भाग मात्र कच्चा राहिला होता. प्राधिकरणाच्या अधिकाऱ्याने भाषा आणि रचना-तंत्रज्ञान या दोन क्षेत्रांत प्रगती कशी नोंदवणार हे स्पष्ट करायला सांगितले, कारण तेथे फक्त ‘पालकांचे निरीक्षण’ एवढेच लिहिले होते. कुटुंबाने महिन्याला एक ध्वनिमुद्रित गोष्ट आणि प्रत्येक बनवलेल्या वस्तूचे तारखेसह छायाचित्र असे उत्तर दिले. नोंदणी मुदतीत मंजूर झाली. प्रमाणपत्र शाळेला दिले आणि नाव काढले.

पहिल्या दोन टर्म

आराखडा मोकळा असला तरी आईच्या डोक्यातले वेळापत्रक गेले नव्हते. मे महिन्यात रोज सकाळी नऊला वह्या टेबलावर येत आणि साडेनऊपर्यंत कोणीतरी रडत असे. रडणारी नेहमी मुलगीच असे, असेही नाही. आई शिकवणारी झाली की मुलीला आई उरत नसे, असे मानसशास्त्रज्ञाने सांगितले. यावर उपाय म्हणून इंग्रजीचे रोजचे सत्र वडिलांनी घेतले, कारण त्यांना या विषयात स्वतःला काही सिद्ध करायचे नव्हते आणि वीस मिनिटे झाली की ते घड्याळ पाहून उठत. गणित आणि मराठी आजोबांकडे गेले. आईकडे प्रकल्प, सहली आणि नोंदवही राहिली. कामाची ही वाटणी आराखड्यात कुठेच नव्हती, पण तीच सगळ्यात महत्त्वाची ठरली.

नोंदवहीची पद्धतही बदलली. आठ क्षेत्रांच्या आठ फायली दररोज भरण्याचा खटाटोप जूनमध्ये बंद झाला. त्याऐवजी रविवारी एक पान : आठवड्यात काय झाले, कोणत्या क्षेत्रात मोडते, काय अडले. पानामागे छायाचित्रे आणि लेखनाचा एखादा नमुना. गृहशिक्षण चालू ठेवण्याचा हेतू दरवर्षी ३० नोव्हेंबरपर्यंत प्राधिकरणाला कळवावा लागतो. ते कळवताना या पानांवरूनच पुढच्या वर्षाचा आराखडा सुधारला.

मैत्रिणींचा प्रश्न अपेक्षेपेक्षा अवघड निघाला. गृहशिक्षण करणाऱ्या कुटुंबांचे गट व्हिक्टोरियात बरेच आहेत आणि होम एज्युकेशन नेटवर्क ही स्वयंसेवी संस्था त्यांची माहिती देते. पण भेटी दिवसा, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि आईच्या कामाचे दोन दिवस त्यातच. शेवटी पोहण्याच्या वर्गात आणि मराठी मंडळाच्या बालनाट्यात ज्या दोघी भेटल्या त्याच टिकल्या.

फेरआढावा

प्राधिकरण दरवर्षी काही कुटुंबांचा आढावा घेते. प्रमाण जास्तीत जास्त दहा टक्के असते. २०२४ च्या मध्यात या कुटुंबाची पाळी आली. पत्र वाचून आई घाबरली, वडिलांनी चाळीस पानी जुना मसुदा परत बाहेर काढला. तो द्यायची गरज पडली नाही. रविवारच्या पानांमधून प्रत्येक क्षेत्राचे दोन-तीन नमुने निवडले, इंग्रजीत प्रगती हळू आहे हे न लपवता लिहिले आणि शिकवणीच्या शिक्षिकेचा अहवाल जोडला. आढावा लेखी झाला आणि नोंदणी कायम राहिली. मला यात लक्षात घेण्यासारखे वाटते ते असे की मागे पडलेला विषय प्रामाणिकपणे दाखवल्याने नुकसान झाले नाही. शिक्षण चालू आहे का आणि अडचणीवर काम होते आहे का, हे पाहिले गेले.

पुढे काय झाले

दोन वर्षांनी मुलीचे इंग्रजी वाचन वयाच्या मानाने अजून मागे होते, पण ती स्वतःहून पुस्तक उघडत होती. गणितात ती वर्गाच्या पुढे गेली. सकाळची पोटदुखी पहिल्याच हिवाळ्यात थांबली. म्हणजे मानसशास्त्रज्ञाने सांगितलेला क्रम बरोबर होता. आईचे उत्पन्न निम्म्यावर आले आणि तिची ठरलेली पदोन्नती हुकली. याची भरपाई कशातून होत नाही आणि ती स्वतः तसे स्पष्ट सांगते.

सहावीच्या वर्षी मुलीने माध्यमिक शाळा पाहायची इच्छा दाखवली. व्हिक्टोरियात आपल्या क्षेत्रातल्या सरकारी शाळेत जागा मिळण्याचा हक्क गृहशिक्षणातल्या मुलांनाही असतो, पण सातवीच्या प्रवेशाचा अर्ज आधीच्या वर्षाच्या मध्यापूर्वी करावा लागतो. प्राथमिक शाळा हे फॉर्म आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःहून देते. घरी शिकणाऱ्या मुलाच्या पालकांना ते मागून घ्यावे लागतात. जुन्या शाळेशी संबंध राखल्यामुळे कुटुंबाला ही तारीख वेळेवर कळली. २०२५ च्या सुरुवातीला मुलगी सातवीत दाखल झाली, नव्या शाळेने तिच्यासाठी जादा वेळ आणि लॅपटॉपवर लिहिण्याची सोय मान्य केली, आणि पालकांनी गृहशिक्षण संपल्याचे प्राधिकरणाला कळवले. पहिल्या टर्ममध्ये तिचे काही दिवस बुडाले, पण शाळा सुटली नाही.

वेगळे काय करता आले असते

वाचनाची चाचणी टाळेबंदी उठताच, म्हणजे २०२२ च्या सुरुवातीला झाली असती तर कदाचित शाळा सोडण्याची वेळच आली नसती. पोटदुखीचा शोध घेण्यात गेलेले सहा महिने वाचनासाठी मोलाचे होते. पालक आणि शाळा, दोघांनीही भीतीकडे आधी पाहिले आणि भीती कशाची आहे हा प्रश्न उशिरा विचारला.

व्हर्च्युअल स्कूलचा पर्याय मुलीच्या एका नकारावर सोडून दिला गेला. निदान चौकशी करून, तिथल्या शिक्षकांशी एकदा बोलून मग तो नाकारता आला असता. आईची नोकरी टिकण्याची शक्यता त्या पर्यायात अधिक होती. वडिलांना हे अजूनही वाटते. आई मात्र म्हणते की मराठीचा तास तिथे बसला नसता.

अंशतः प्रवेशाकडे दुसऱ्या वर्षी परत वळायचे ठरले होते, ते राहून गेले. मुलगी सावरल्यावर आठवड्यातून एक दुपार चित्रकलेच्या वर्गात बसली असती तर सातवीची उडी कमी उंच झाली असती, आणि मैत्रिणींचा प्रश्नही काही अंशी सुटला असता. मुख्याध्यापिकांची तयारी होती. विचारायचे तेवढे राहिले.

धाकट्याकडे त्या दोन वर्षांत सगळ्यांचेच दुर्लक्ष झाले. ताई घरी आणि मी शाळेत, याचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला, आणि आता चौथीत तोही घरी शिकण्याचा हट्ट धरतो. त्याला वाचनाची अडचण नाही, शाळेचा त्रास नाही. आईवडिलांनी त्याला या वर्षअखेर उत्तर देण्याचे कबूल केले आहे आणि या खेपेला आजोबांना आधी विचारायचे ठरवले आहे.